सासूबाईंच्या दाराचा नट

माझ्या सासूबाईंना मी सात वर्षं कुलपात ठेवलं, असं आमच्या गावात अजूनही बोललं जातं. हा आरोप साफ खोटा आहे. कुलूप नव्हतंच. नट-बोल्ट होता. शिवाय सासूबाईंना तेव्हा वारून दोन वर्षं झाली होती, ही बारीकशी गोष्ट सांगणारे सोयीस्करपणे गाळतात.

झालं असं, की रऊत नदीच्या अंगाला टेकडीवर आमची दफनभूमी आहे, तिथं भंगारचोरांचा सुळसुळाट झाला. लोखंड दिसलं की उचललं. सासूबाईंच्या शेजारी हारालांबीची बायको विसावली आहे, तिच्या कबरीभोवतीच्या कुंपणाचं दार गेलं. मग दफनभूमीचं मोठं फाटक गेलं. ज्या दिवशी 'इथे पहारा आहे' ही लोखंडी पाटी गेली, त्या दिवशी मी ठरवलं की पारास्कोविया बाईंचं, म्हणजे आमच्या सासूबाईंचं दार काही मी जाऊ देणार नाही. हारालांबी जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त करत आलेला माणूस. त्यानं मला नांगराचा एक बोल्ट दिला, माझ्या अंगठ्याहून जाड. दाराचे दोन्ही बाजूंचे खांब मी आधी स्वतःच्या हातानं काँक्रीटमध्ये बसवले, मग बोल्ट दारातून आणि खांबातून आरपार घातला, नट चढवला आणि आवळला. किती आवळला? इतका, की हारालांबी म्हणाला, "मास्तर, पुरे. बाई काही पळून जात नाहीत."

मी शाळेत छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. हाताचं काम जमत नाही असं माझ्याबद्दल लोक म्हणायचे. त्या दिवशी त्यांची तोंडं बंद झाली. दारही.

आता आमच्याकडे ईस्टरनंतर आठवड्यानं ब्लाजिनी येते. त्या दिवशी सगळं गाव भाकरी, वारुणी आणि लाल अंडी घेऊन टेकडीवर आपापल्या माणसांशेजारी जेवायला बसतं. त्याआधीचा आठवडा कुंपणं रंगवण्याचा. ज्याचं कुंपण रंगवलेलं नाही, त्याच्या घरात जिवंत माणसांना तरी कोण विचारत असेल, असं लोक म्हणतात. तेव्हा मी दर वर्षी कुंपण रंगवायचो, आणि हातासरशी नटही रंगवायचो. दार उघडायचं कारणच काय? मी कुंपणावरून टांग टाकायचो, तण उपटायचो, क्रूस पुसायचो आणि परत टांग टाकून बाहेर. माझी बायको अगाफिया बाहेरूनच टोपली देई आणि बाहेरूनच मेणबत्ती लावी. सासूबाई हयात असताना त्यांच्या अंगणात असं उडी मारून शिरायची माझी छाती झाली नसती.

आणि मग झीनाचा फोन आला.

झीना म्हणजे अगाफियाची थोरली बहीण. नऊ वर्षांपूर्वी इटलीला गेली, तिथं एका म्हातारीची देखभाल करते. ती गेली आणि इकडे सहा आठवड्यांत आई गेली. तिचे कागद झाले नव्हते. निघाली असती तर परत जाता आलं नसतं. तिनं आईचा शेवटचा प्रवास फोनवर पाहिला. फोन मी धरला होता. तो नीट कसा धरायचा हे मला येत नव्हतं, त्यामुळे बिचारीनं बहुतेक वेळ माझा अंगठाच पाहिला. आता कागद झाले होते आणि ती ब्लाजिनीला येणार होती, बसमधून उतरून थेट टेकडीवर.

"मला जेवायला काही करू नका," ती फोनवर म्हणाली. "मला फक्त आत जाऊन आईच्या उशाशी बाकावर बसायचंय. नऊ वर्षं लांबूनच रडतेय गं."

अगाफियानं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"दार," ती म्हणाली.

"दाराचं काय?"

"झीनाच्या दोन्ही गुडघ्यांत लोखंड घातलंय. ती तुझ्यासारखी टांग टाकणार आहे का?"

"अगं, एक नट काढायचा. पाच मिनिटांचं काम."

ब्लाजिनीला तीन आठवडे होते. मला अजून आठवतं, पाच मिनिटांसाठी तीन आठवडे मिळाले म्हणून मी त्या दिवशी दुपारी झोपलो होतो.

दुसऱ्या दिवशी स्क्रू पाना घेऊन टेकडीवर गेलो, तर नट सापडेना. नट होता त्या जागी निळ्या रंगाचा एक बटाटा होता. मी पटाशीनं खरवडायला घेतलं. वरचा थर गेल्या वर्षीचा निळा. त्याखाली हिरवा, कारण त्या वर्षी दुकानात निळा संपला होता. त्याखाली चंदेरी, तो हारालांबीकडचा उरलेला. जमिनीचे थर वाचून पृथ्वीचं वय काढतात हे मी मुलांना छत्तीस वर्षं सांगितलं, पण प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. सातव्या थराखाली नट निघाला. तपकिरी, खडबडीत, आणि बोल्टशी असा एकजीव झालेला, की दोघांना वेगळं करणं मला जरा असभ्यपणाचं वाटलं.

पाना लावला, जोर केला. नट हलला नाही, माझा खांदा हलला.

शेजारच्या कबरीवर हारालांबी बायकोसाठी झेंडूची रोपं लावत होता. तो हात पुसत आला.

"मास्तर, नट असा थेट सोडवायचा नसतो. आधी किंचित आवळायचा, म्हणजे आतला गंज तुटतो. मग सोडवायचा."

मला ते पटलं. मी आवळायच्या दिशेनं जोर केला आणि काय सांगू, नट फिरला! अर्धा फेरा, लोण्यातून सुरी जावी तसा. मग मी उलट फिरवायला गेलो. ढिम्म.

"बघ," हारालांबी समाधानानं म्हणाला. "म्हणजे फिरतो."

घरी आलो तर औषधांच्या दुकानवाल्या एलिओनोरा बाई अगाफियाकडे बसल्या होत्या. गावात कुणाला काय झालंय हे त्यांना त्या माणसाच्या आधी कळतं, आणि वस्तूंच्या बाबतीतही त्यांचं तेच आहे.

"तुम्ही पुरुष नुसती दांडगाई करता," त्या म्हणाल्या. "गंज हा आजार आहे हो. आजाराला पट्टी बांधायची. कापूस, वर गॉझ, त्यावर व्हिनेगर, आणि रात्रभर विश्रांती."

"कुणाला?"

"दोघांना. तुमचा रक्तदाब मला माहीत आहे."

घरातलं व्हिनेगर संपलं होतं, पण काकडीच्या लोणच्याची मोठी बरणी होती. त्यातलं पाणीही आंबटच. मी ते नेलं, नटाला छान पांढरी पट्टी बांधली, भिजवली आणि निघून आलो.

सकाळी टेकडीवर गेलो तर सासूबाईंपुढे आठ बायका गुडघे टेकून होत्या. रात्रीतून गंज पट्टीत उतरला होता. पांढऱ्या गॉझवर लालभडक डाग, आणि खाली थेंब थेंब.

"पारास्कोवियाचं दार रक्त गाळतंय," एक म्हातारी मला कुजबुजून म्हणाली. "टोपी काढ, मेल्या."

मी टोपी काढली. खुलासा करणार होतो, पण तेवढ्यात दुसरीनं तो थेंब आपल्या दुखऱ्या गुडघ्याला चोळला आणि काठीशिवाय टेकडी उतरून गेली. ती काठी तिथंच विसरली होती हे खरं, पण तिला ती न्यायला परत यावंसं वाटलं नाही, हेही खरं. काठी अजून माझ्याकडे आहे. कुणाला बघायची असेल तर या.

दुपारपर्यंत चाळीस मेणबत्त्या लागल्या. शेवटी चर्चमधून फादर आले. त्यांनी गर्दी बाजूला सारली, पट्टीपाशी वाकले आणि दीर्घ श्वास घेतला.

"पिंतिलिये," ते हळूच मला म्हणाले, "हे लोणच्याचं पाणी आहे."

"हो, फादर."

"शेपू जरा जास्त झालाय."

एवढं बोलून त्यांनी बायकांना घरी पाठवलं. हारालांबीला हे कळलं तेव्हा मात्र तो कपाळाला हात लावून खालीच बसला.

"मिठाचं पाणी? अहो मास्तर, गंजाला कुणी उपाशी मारतं, कुणी तेलात बुडवतं. तुम्ही त्याला जेवू घातलंत!"

मग आठ दिवस डिझेल. रोज सकाळी मी चमच्यानं नटाला डिझेल पाजायचो, रोज संध्याकाळी हारालांबी हातोडीनं त्याला टकटक करायचा आणि कान लावून ऐकायचा. घरी अगाफियानं माझं ताट खिडकीपाशी हलवलं. "आईला भेटून येतोस की पंपावरून?" एवढंच ती विचारायची. पण तिनं इटलीला फोनवर काय सांगितलं ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. ती म्हणाली, "हो गं, दार उघडलंय. तू फक्त ये."

त्या दिवसापासून मला झोप लागेना. बायको खोटं बोलली, आणि ते खरं करायचं काम माझ्याकडे.

नऊ दिवस राहिले तेव्हा हारालांबीनं शेवटचं अस्त्र काढलं: ब्लोलॅम्प. नट लाल होईस्तोवर तापवायचा आणि मग मेणबत्ती टेकवायची. वितळलेलं मेण आपसूक आट्यांत शिरतं.

"पण बाजारातली मेणबत्ती नको," तो म्हणाला. "मधमाशीचं मेण लागतं. चर्चमधली."

तसल्या मेणबत्त्या अगाफियानं आईसाठी जपून ठेवल्या होत्या. तिनं एक दिली, पण प्रार्थना केल्याशिवाय ती पेटवायची नाही या अटीवर. म्हणून आम्ही दोन म्हातारे टोप्या काढून त्या नटापुढे उभे राहिलो आणि त्याच्या बंधमुक्तीसाठी प्रार्थना केली. मग हारालांबीनं ब्लोलॅम्प पेटवला.

सात थरांचा रंग मी फक्त नटावरून खरवडला होता. दारावर तो तसाच होता. आधी निळी ज्वाळा निघाली, मग हिरवी, मग चंदेरी. हारालांबीच्या बायकोच्या कबरीवरचा प्लॅस्टिकचा पुष्पहार मान टाकून वितळला. हारालांबीची डावी भुवई गेली. उजवी राहिली, त्यामुळे पुढचे दोन महिने तो सतत कशाचं तरी अर्धवट आश्चर्य करत असल्यासारखा दिसायचा. आणि या सगळ्या गडबडीत घाईघाईनं मी पाना लावला, हिसका दिला, पाना सटकला, आणि नटाच्या सहाच्या सहा कडा झिजून तो अंड्यासारखा गुळगुळीत झाला.

धूर पाहून दफनभूमीचा व्यवस्थापक स्पिरिदोन रजिस्टर काखेत घेऊन धावत आला. हा माणूस पूर्वी माझ्या वर्गात होता. भूगोलात दोनदा नापास. मी त्या क्षणी देवाकडे एकच मागितलं, की त्याला ते आठवू नये.

"काय चाललंय, सर?" त्यानं विचारलं. आवाजावरून त्याला आठवत होतं.

"स्पिरिदोन, आता एकच उपाय. नट कापावा लागेल. करवतीनं."

"कापणं म्हणजे पाडकाम. पाडकामाला परवानगी लागते. सोडवणं म्हणजे देखभाल. सोडवा की, कोण अडवतंय?"

"बरं, दे परवानगी."

"अर्ज करा. जागेच्या मालकाच्या सहीनं." त्यानं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं. "मालक, पारास्कोविया बाई."

खरंच होतं. सासूबाई शहाण्या, त्यांनी जिवंतपणीच जागा स्वतःच्या नावावर घेतली होती, जावयावर विसंबून राहिल्या नव्हत्या.

"स्पिरिदोन, मालक आत आहेत."

"मला कल्पना आहे."

"त्या सही कशी करतील?"

"मग नाव बदलून घ्या. तीस दिवस. आणि मधे सुट्ट्या आहेत." तो निघाला, चार पावलांवर थांबून वळला. "सर, डॅन्यूब नदी किती देशांतून जाते, ते मला अजूनही येत नाही."

"काही बिघडत नाही, बाळा," मी म्हणालो. अपमान गिळायला मला वेळ लागला, पण झीनाची बस यायला त्याहून कमी वेळ उरला होता.

ब्लाजिनीचा रविवार उजाडला तेव्हा नट जागच्या जागी होता. टेकडीवर चादरी अंथरल्या जात होत्या, कुठे बरण्या उघडत होत्या, कुठे कुणी आपल्या मेलेल्या काकाला वर्षभराच्या बातम्या सांगत होतं. अगाफिया टोपलीवर पांढरा रुमाल घट्ट धरून उभी होती. सारखी बसच्या रस्त्याकडे बघत होती. बस अकराला येणार होती आणि साडेदहा झाले होते.

हारालांबी मात्र हरलेला नव्हता. त्यानं एक नंबर लहान सॉकेट आणला होता, तो हातोडीनं ठोकून ठोकून त्या गुळगुळीत नटावर चढवला. त्याला दांडा लावला, आणि दांड्यावर पाण्याचा दोन मीटर लांब पाइप.

"आता मास्तर, हा नट सुटेल, नाहीतर काहीतरी सुटेल."

आम्ही दोघं लोंबकळलो. काही नाही. बाजूच्या कुंपणातला दाढीवाला, हातात अर्धं अंडं, तसाच आला. मग त्याचा मेहुणा. मग एलिओनोरा बाई, "मी फक्त सांगते कसं करायचं" असं म्हणत आल्या आणि पाइपाला सगळ्यात पुढे लटकल्या.

"एक," हारालांबी ओरडला. "दोन. आणि पारास्कोविया बाईंसाठी, तीन!"

कड्.

असा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. आम्ही पाचही जण झेंडूत पडलो. मी पडल्यापडल्या ओरडलो, "सुटला!"

सुटला नव्हता. नट तसाच होता, बोल्ट तसाच, दार तसंच. सुटलं होतं कुंपण. मी सात वर्षं वरून रंग देऊन देऊन कुंपण चकचकीत ठेवलं, पण मातीत गेलेले पाय कुणी पाहिले नव्हते. ते कधीच गंजून भुगा झाले होते. डावी बाजू आधी कलली, मग मागची, मग उजवी. गुरुजी वर्गात आल्यावर उभी राहिलेली मुलं 'बसा' म्हटल्यावर एकेक करून बसावीत, तशी ती शांतपणे गवतावर बसली. मधे फक्त दार उभं राहिलं, माझ्या काँक्रीटमध्ये रोवलेलं, माझ्या नटानं बंद. आजूबाजूला मोकळं आकाश.

हारालांबी झेंडूतून उठला आणि त्यानं दाराच्या खांबावर थाप मारली.

"मास्तर," तो म्हणाला, "काँक्रीट मात्र सुरेख झालंय."

आम्ही कुंपणाचे तुकडे भराभर उचलले. टाकायचे कुठे? दगडांवर आडवे ठेवले, वर चादर घातली, आणि सासूबाईंपासून हारालांबीच्या बायकोपर्यंत एक लांबच लांब टेबल झालं. अगाफियानं त्यावर वेणीसारखी विणलेली भाकरी मांडली. तेवढ्यात स्पिरिदोन रजिस्टर घेऊन फेरीला आला. त्यानं टेबलाकडे पाहिलं. टेबलाखालून निळ्या सळया डोकावत होत्या.

"सर, पाडकाम झालंय."

"कुठे?" हारालांबीनं एका भुवईनं विचारलं.

"कुंपण नाहीये."

"दार ढकलून बघ."

स्पिरिदोननं दार ढकललं. दार हललं नाही. त्यानं नट तपासला. कापलेला नव्हता. त्यानं दाराच्या डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मला त्याच्या चेहऱ्यावर शाळेतला तोच ओळखीचा गोंधळ दिसला.

"दार बंद आहे," हारालांबी समजावत म्हणाला. "बंद दार कधी कुंपणाशिवाय असतं का?"

अगाफियानं त्याच्या हातात भाकरी, लाल अंडं आणि नवा टॉवेल ठेवला. "माझ्या आईच्या नावानं, स्पिरिदोन."

"देव पावो," तो म्हणाला. या दिवशी दिलेलं घ्यावं लागतं, आणि घेतलेल्या हातानं वाईट लिहिता येत नाही. त्यानं रजिस्टरमध्ये लिहिलं, 'स्थिती पूर्ववत', आणि टेबलाशी बसला.

आणि झीना आली.

बसमधून उतरून ती तशीच टेकडी चढून आली होती. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात इटलीहून आणलेलं फुलाचं रोप, सुजलेल्या पायांत घट्ट झालेले बूट. आम्ही सगळे उभे राहिलो. मी दाराशी गेलो, म्हणजे काहीतरी समजावून सांगायची वेळ आलीच तर. पण झीनानं दार पाहिलंच नाही. तिनं क्रूस पाहिला. ज्या दारासाठी मी तीन आठवडे झिजलो, ज्यासाठी हारालांबीनं भुवई दिली, त्या दाराच्या दोन हात बाजूनं ती सरळ आत चालत गेली, बॅग टाकली आणि बाकावर बसली. उशाशी. अगाफिया तिच्या शेजारी.

"आई, उशीर झाला गं," ती म्हणाली.

आम्ही पुरुष मग वारुणीची चव बघण्यात एकदम गढून गेलो. स्पिरिदोन सारखं नाक पुसत होता आणि मिरी जास्त झाली म्हणत होता. अंड्यात मिरी नव्हती.

ऊन कलेपर्यंत त्या दोघी बोलत होत्या. आईला इटलीतल्या म्हातारीची सगळी गाऱ्हाणी सांगून झाली. माझीही थोडी सांगून झाली असावीत, कारण अधूनमधून दोघी माझ्याकडे बघून हसत होत्या. मग लोक चादरी घड्या करू लागले. झीना उठली, क्रूसाला हात लावला, डोळे पुसले, आणि कुणाच्या घरून निघताना निघावं तशी रीतसर दाराकडे गेली. तिनं कडी धरून ओढलं. दार हललं नाही. तिनं पुन्हा ओढलं.

"झीना, अगं बाजूनं," मी घाईनं म्हणालो, "बाजूनं ये, तिथं काही—"

तिनं ऐकलं नाही. ती दारावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. मग वळली. दिवसभरात पहिल्यांदा तिचा चेहरा पूर्ण हसला.

"आई सोडत नाहीये," ती म्हणाली, परत जाऊन बाकावर बसली आणि पायातले बूट काढले.

शेवटची बस गेली. घडी केलेल्या चादरी परत उलगडल्या. हारालांबीनं दुसरी बरणी उघडली. अगाफिया माझ्यापाशी आली, माझ्या शर्टाचा डिझेलचा वास घेतला, दाराकडे पाहिलं, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या दंडाला हात लावला.

"नट मात्र छान घट्ट बसवला होतास हं, पिंतिलिये," ती म्हणाली.